आईचं घड्याळ

परवा आई डोंबिवलीला सुखरूप पोचली. डिसेंबरअखेर आली होती, महिनाभर आमच्याकडे तोक्योतल्या निशी-कसाईला राहिली. पोचल्याचा फोन आला तो तक्रार घेऊनच. "अगं, येताना साडेसात तासांत आणलं आणि जाताना दहा तास बसवून ठेवलं! पायलट नवीन होता का?"

तिकिटावर पाहाल तर उलटंच वाटेल. मुंबईहून रात्री आठला सुटून नारिताला सकाळी सातला, म्हणजे अकरा तास. परतताना सकाळी अकराला सुटून संध्याकाळी साडेपाचला मुंबईत, म्हणजे साडेसहा. मधल्या साडेतीन तासांच्या फरकाने सगळेच फसतात. आई फसली नाही, कारण तिच्या मनगटावरचं एचएमटी महिनाभर डोंबिवलीचीच वेळ दाखवत होतं. आम्ही इथे सकाळी आठला नाश्ता करायचो, तर तिच्या घड्याळात पहाटेचे साडेचार. "बदलून पुन्हा बदलायचं, कशाला तो व्याप?"

पायलट बिचारा निर्दोष. दोरी ताणून मोजलं तर मुंबई ते नारिता साधारण ६,८०० किलोमीटर. ती दोरी हिमालय-तिबेटवरून जाते. तिथे काही बिघडलं तर विमानाला पटकन खाली यायला वाव नाही, म्हणून सहसा कोलकाता, म्यानमार, दक्षिण चीन असा वळसा घालतात. पण तो येताना-जाताना सारखाच. खोडी वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जपानवर तो अगदी भरात असतो.

मी सांगितलं म्हणून आईने दोन्ही वेळा समोरच्या पडद्याचे फोटो काढले होते. येताना वेग ताशी १,१४० किलोमीटर, जाताना ७२०. तिला एकदम पटलं. "म्हणजे माळशेज उतरताना आणि चढताना एसटीचं होतं तसंच की!"

हा वारा पहिल्यांदा पद्धतशीर मोजला तोही इथेच. १९२०च्या दशकात त्सुकुबाजवळच्या तातेनो वेधशाळेतून ओइशी वासाबुरो फुगे सोडायचे आणि ते किती वेगाने वाहत जातात याच्या नोंदी ठेवायचे. जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६ साली ते सगळं एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेत छापलं, आणि बाहेर फारसं कुणी वाचलंच नाही. तोक्योत बसून मराठी ब्लॉग लिहिणारीने यावर हसू नये, हे मला कळतं.

बाकी विमानतळावरून डोंबिवलीच्या घरी, म्हणजे जेमतेम पन्नास किलोमीटरला, आईला अडीच तास लागले. त्याबद्दल चकार शब्द नाही.

"उन्हाळ्यात हा वारा मंदावतो," मी म्हटलं. "पुढच्या वेळी ऑगस्टमध्ये ये. परतताना एवढं बसावं लागणार नाही."

"ऑगस्टमध्ये? आणि गणपतीची तयारी कोण करणार, वारा?"