फूटरमधली चोवीस अक्षरं

शुक्रवारी संध्याकाळी सव्वासातला सपोर्टचा फोन आला. काही ग्राहकांचं चेकआउटचं पान पांढरं पडतंय. सेंट्री (साइटवरच्या एरर नोंदवणारी सेवा) उघडलं तर नलवर, म्हणजे काहीच नसलेल्या किमतीवर, ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा छाटणं) केल्याची एरर, ओळ 1, कॉलम 214386. मिनिफाय झालेल्या, म्हणजे आकार कमी करायला आवळलेल्या, फाइलमध्ये सगळा कोड एकाच ओळीत कोंबलेला असतो, त्यामुळे ‘ओळ 1’ म्हणजे पत्ता म्हणून नुसतं ‘पुणे’ लिहिण्यासारखं. फंक्शनचं नाव ‘टी’. आणि आमच्या कोडमध्ये ट्रिम चाळीसेक ठिकाणी आहे.

ही वेळ येऊ नये म्हणूनच तर बिल्डमध्ये (कोड आवळून तयार करताना) सोर्स मॅप, म्हणजे आवळलेली जागा मूळ कोडच्या कुठल्या ओळीतली ते सांगणाऱ्या फाइली, सेंट्रीवर अपलोड करायचे. तो जॉब मीच लिहिलेला, आणि त्याचा लॉग रोज हिरवागार.

लाइव्ह फाइलमधला डीबग आयडी (फाइल आणि तिचा मॅप जुळवणारी खूण) काढून अपलोडच्या यादीत शोधला. नाही. मग पाइपलाइन (बिल्डपासून लाइव्हपर्यंतच्या आपोआप चालणाऱ्या पायऱ्या) वाचायला बसलो आणि कपाळाला हात लावला. आम्ही बिल्ड दोनदा करतो. एकदा टेस्टसाठी, तिथून मॅप अपलोड होतात. दुसऱ्यांदा डॉकरमध्ये (ॲप डब्यात बंद करून चालवायचं साधन), ते लाइव्ह जातं. फुकटचा खर्च, पण दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या निघायच्या आणि डीबग आयडी फाइलच्या मजकुरावरूनच बनतो, म्हणून वर्षभर निभावलं. दोन आठवड्यांपूर्वी साहेबांना फूटरमध्ये, पानाच्या तळाशी, बिल्डची वेळ दिसायला हवी झाली. दोन बिल्डमध्ये चार मिनिटांचं अंतर, म्हणून दोन वेगळ्या वेळा आणि दोन वेगळे आयडी. तेव्हापासून आम्ही इमानेइतबारे कुणीच न पाहिलेल्या बिल्डचे मॅप चढवत होतो. अपलोड करणाऱ्याला काय, फाइल पोचली की काम झालं.

डॉकरमधले मॅप शेवटी पुसले जातात. बरोबरच आहे, नाहीतर अख्खा सोर्स जगापुढे उघडा. म्हणजे खरा मॅप कुठेच नाही.

पण ती वेळ टू-आयएसओ-स्ट्रिंगने (तारीख-वेळ ठरावीक साच्यात लिहिणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) छापलेली. ती कायम चोवीस अक्षरांची. आकडे बदलले तरी लांबी तीच, डीबग आयडीचीही लांबी ठरलेली, म्हणजे कॉलम एका घरानेही सरकत नाही. चुकीच्या बिल्डचा मॅप हाताने लावला तरी चालणार! पहिल्या बिल्डचा मॅप उतरवला, सोर्स-मॅप लायब्ररीवर दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. पहिलं उत्तर भलतंच आलं, कारण ब्राउझर कॉलम एकपासून मोजतो आणि लायब्ररी शून्यापासून. एक वजा केला. पत्त्याच्या फॉर्मची फाइल, ओळ 88, पिनकोड. जुन्या काही खात्यांत पिनकोड भरलेलाच नव्हता.

दुरुस्ती एका प्रश्नचिन्हाची. साडेदहाला डिप्लॉय, सोमवारी दुसरं बिल्ड काढून टाकलं. आता प्रत्येक डिप्लॉयनंतर स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) मुद्दाम एक एरर फेकतो आणि सेंट्रीत खरी ओळ दिसते का ते डोळ्यांनी बघतो.

फूटरमधली वेळ अजून आहे. तो बदल कुणी पास केला म्हणून नंतर पाहिलं. मीच. खाली अंगठाही दिलाय.