तुम्ही विचारलंत म्हणून: चालतं इंजिन उघडलं कशाला?

कुडाळात माझ्या माडीवरची छोटी रेल्वे बघायला जो येतो तो हे विचारतोच. बोटभर इंजिन, त्यात एवढी महागाची चिप, आणि तीही चालत्या इंजिनाला?

आपली कोकण रेल्वेची लाईन १९९८ला पूर्ण सुरू झाली, ती अजून बहुतेक एकेरीच आहे. क्रॉसिंगला थांबणं आपल्या अंगवळणी पडलंय. लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, गाडी उभी, इंजिनाचा दिवा लागलेला, समोरून एक्स्प्रेस धडधडत निघून जाते, मग आपला सिग्नल पडतो. मला माझ्या रुळांवर हे हवं होतं. साध्या डीसीवर, म्हणजे सरळ रुळांत वीज सोडून गाडी चालवायच्या पद्धतीत, करंट सोडला की रुळांवरची सगळी इंजिनं एकदम निघतात. लूपची वीज तोडून वेगळा स्विच लावता येतो, मी दोन वर्षं तेच केलं. पण करंट तोडला की दिवाही विझतो. डीसीसीत, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळांत वीज कायम असते, हुकूम त्याच रुळांतून जातो आणि प्रत्येक इंजिनातली ती चिप, म्हणजे डिकोडर, फक्त आपल्या नंबरचा हुकूम उचलतो. नवा डिकोडर येतो तो तीन नंबर घेऊन. तीन, थांब, दिवा राहू दे. एवढ्यासाठी. हो, एवढ्याचसाठी.

पण तुम्ही विचारता तेव्हा मला आठवतं ते दादाचं इंजिन.

दादा बोटीवर होता. परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून त्याने ते आणलं होतं. एन स्केल, म्हणजे १:१६०, रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. अल्को या अमेरिकन कंपनीच्या डिझेल इंजिनाचं मॉडेल, आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाचं डिझाइनही अल्कोचंच. दादा गेल्यावर आई ते फडक्याने पुसून ठेवायची.

या इंजिनाची चासी, म्हणजे आतला सांगाडा, धातूच्या दोन अर्ध्या भागांची. एक उजव्या रुळाची वीज घेतो, दुसरा डाव्या. मोटरच्या तांब्याच्या पट्ट्या थेट त्यांना टेकलेल्या. डिकोडर बसवायचा तर लाल आणि काळी तार चासीला, नारिंगी आणि करडी मोटरला, आणि मोटर चासीला कुठेही शिवता कामा नये. वरची पट्टी मी नीट वाकवली, खाली कॅप्टॉन टेप लावली, वीज अडवणारी. खालच्या पट्टीलाही लावली. जागा व्हावी म्हणून चासी कानशीने घासली. जुलैतली रात्र, लाईट दोनदा जाऊन आलेली. मल्टिमीटरचा सेल संपला होता, म्हणजे कुठे शिवतंय का ते तपासता येईना. प्रोग्रामिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरला नंबर द्यायच्या वेगळ्या रुळावर, करंट मोजकाच सोडतात, तिथे आधी ठेवलं असतं तर चूक असूनही डिकोडर बहुधा वाचला असता. हे मला ठाऊक होतं. पण आई जागी होती आणि तिला उभ्या गाडीचा दिवा दाखवायचा होता. मी इंजिन थेट मेन लाईनवर ठेवलं.

इंजिन बोटभर पुढे झटकलं. दिवा एकदा लागला. मग तो जळका वास, आणि डिकोडरच्या आवरणावर मसुराएवढा फुगा. खालच्या पट्टीचं टोक टेपमधून नखाच्या कातरणाएवढं बाहेर राहिलं होतं.

आई म्हणाली, ‘‘बरा चलत होता मा, मगे उघडलस कित्याक?’’

म्हणून तुमचा प्रश्न मला झोंबतो. तो तुमचा नसतोच.

मोटर शाबूत आहे, हे मी सगळ्यांना घाईघाईने सांगतो. डीसीवर लावून बघितली, फिरते. चूक माझ्या घाईची होती, डीसीसीची नव्हे. त्यानंतर सहा इंजिनांत डिकोडर बसवले, एकही जळला नाही. पण घासलेली चासी भरून येत नाही, आणि दादाने आणलं तसं ते इंजिन आता नाही, हेही खरं. त्या रात्रीच्या मला आज अडवलं असतं का? मल्टिमीटरसाठी सकाळपर्यंत थांबवलं असतं. उघडूच नको असं मात्र म्हटलं नसतं. निदान आज तरी असं वाटतं. आईसमोर बसलो की तेवढी खात्री राहत नाही.

दुसरा डिकोडर बसवून झालाय. मल्टिमीटरची एक सुई चासीला, दुसरी मोटरच्या पट्टीला लावतो. बीप येत नाही. चार वेळा बघितलं. वरचं कवच अजून बाजूला काढून ठेवलेलं आहे, आणि प्रोग्रामिंग ट्रॅक पुसून तयार आहे. पंधरा दिवस झाले.