शेऱ्याच्या रकान्यातले कार्ड नंबर

सप्टेंबर २०२२. घटस्थापना २६ला, फराळाच्या ऑर्डरी सुरू झालेल्या आणि ३०ला रिझर्व्ह बँकेची मुदत संपणार. १ ऑक्टोबरपासून पूर्ण कार्ड नंबर फक्त कार्ड देणारी बँक आणि व्हिसा-रुपेसारखं नेटवर्क यांनीच ठेवायचा. मुदत डिसेंबरवरून जून, जूनवरून सप्टेंबर अशी सरकत आलेली, त्यामुळे "अजून वाढेल रे" हा आमच्या मालकांचा ठाम विश्वास.

वेबसाइटचं काम फार नव्हतं. नंबर गेटवेवालेच, म्हणजे आमच्यासाठी ऑनलाइन पैसे घेणारी कंपनीच ठेवायची, आता त्याजागी टोकन येणार होतं. म्हणजे कार्डाच्या बदली नंबर, तोही त्या कार्डापुरता नि आमच्या दुकानापुरता. चोरून दुसरीकडे चालवता येत नाही.

घाम फोडला तो ऑर्डरींच्या एक्सेलने. फोनवरची गिऱ्हाइकं कार्ड नंबर सांगायची, ओटीपीही सांगायची, आणि काउंटरवरच्या काकू तो नंबर पुढच्या वेळेसाठी 'शेरा'मध्ये टाकून ठेवायच्या. "चकली कमी तिखट", पुढे सोळा आकडे. सगळ्या फायली, बॅकअप, जुने ईमेल चाळायला मी स्क्रिप्ट लिहिली. कार्ड नंबरचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांच्या हिशेबातून येतो, तो ताळा लावला. तरी कुरिअरचे नंबर सापडतच राहिले. कुठलाही सोळा आकडी नंबर दहात एकदा योगायोगाने त्या ताळ्यात बसतो! मग एकेक डोळ्यांनी पाहून पुसले. परताव्यासाठी शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं, तेवढं ठेवलं.

'कार्ड सुरक्षित करा' या चौकटीत आधीच टिक करून ठेव, असं मालकांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. संमती गिऱ्हाइकाने स्वतः द्यायची, वर ओटीपी टाकायचा, असा नियमच आहे. झालं, फोन सुरू. एक आजोबा तर भडकलेच. "ओटीपी कुणाला देऊ नका म्हणतात आणि तुम्ही मागताय?" गेल्या दिवाळीत काकूंना फोनवर ओटीपी सांगणारे हेच.

३०च्या रात्री शेवटचा बॅकअप पुसून मी लॅपटॉप मिटला. काकू पर्स घेऊन निघाल्या होत्या. थबकल्या, खणातून लाल कापडी बांधणीची वही काढली आणि म्हणाल्या, "यातले पण खोडायचेत का रे?"