हेइन्साच्या पाट्यांसाठी आखलेली कोरियाची सहल

कोरियाला जायचे नक्की झाल्यावर पहिल्याच रविवारी आई आणि मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि सोल, बुसान, जेजू बेट, सोराक्सानचा डोंगर अशी दहा दिवसांत न मावणारी यादी करून टाकली. आईने ती शांतपणे वाचली आणि विचारले, "यात आपण निवांत बसणार कुठे?" तिला खरे तर एकच गोष्ट पाहायची होती, ती म्हणजे हेइन्सा या बौद्ध मठातील त्रिपिटकाच्या, म्हणजे बौद्ध धर्मग्रंथांच्या, लाकडी पाट्या. मग त्या मठासाठी दोन दिवस राखून ठेवले आणि उरलेल्या दिवसांत जे सहज बसेल तेवढेच घेतले. जेजू आणि सोराक्सान दोन्ही गाळले, आणि त्याची चुटपुट मला आजही वाटत नाही.

तारखा मात्र एकदा बदलाव्या लागल्या. आम्ही २०२४ च्या सप्टेंबरचा मधला आठवडा धरला होता, पण त्याच आठवड्यात, १७ तारखेला, चुसॉक होता. आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा हा सण म्हणजे तिथल्या लोकांचा पूर्वजांच्या स्मरणाचा दिवस. तांदळाच्या पिठीच्या पारीत तिळाचे वगैरे सारण भरून ते पाइनच्या सुयांवर वाफवतात, हे वाचून आईला मोदकांची आठवण झाली. आणि योगायोग असा की त्या वर्षी आपली अनंत चतुर्दशीही त्याच दिवशी होती. सारा देश गावी जायला निघतो तेव्हा रेल्वेची तिकिटे मिळणे अवघड, म्हणून आम्ही ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा निवडला. हवा कोरडी असते, थंडी सोसवते आणि मेपलची पाने लाल होऊ लागलेली असतात. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो, तेव्हा ती कागदपत्रे दसऱ्याच्या बरीच आधी देऊन टाकली.

तयारीतला सर्वांत आनंदाचा भाग होता हांगुल लिपी शिकण्याचा. राजा सेजोंगने ही लिपी १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेसमोर ठेवली. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य अशी वर्णमाला लहानपणी घोकलेल्या माणसाला ती फार लवकर आपलीशी वाटते, कारण तिची मूळ व्यंजने उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ आणि घसा यांचा जो आकार होतो त्यावरून काढलेली आहेत. 'क'सारख्या ध्वनीचे अक्षर म्हणजे घशाशी उचललेल्या जिभेचा काटकोन. त्यातच एक आडवी रेघ वाढवली की त्याचा महाप्राण होतो. 'म' म्हणजे मिटलेल्या तोंडाचा चौकोन. सोलमध्ये ग्वांगह्वामुन स्थानकाच्या पाटीवर आईने तो चौकोन शोधून "मुन" असे मोठ्याने वाचले, तेव्हा महिनाभराचे वहीकाम सार्थकी लागले. 'मुन' म्हणजे दरवाजा.

सोलमध्ये आम्ही दोनच दिवस राहिलो आणि चांगदोक्कुंग राजवाड्यामागची बाग पाहिली. तिथून वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांत ग्योंगजूला, म्हणजे सिल्ला राज्याच्या जुन्या राजधानीत पोहोचलो. तिथल्या डोंगरावरचे सोक्कुराम लेणे पाहताना अजिंठा-वेरूळची आठवण येणे साहजिकच होते. पण आपली लेणी बसाल्टच्या कड्यात कोरलेली आहेत, तर तिथला ग्रॅनाइट फार कठीण, म्हणून त्या कारागिरांनी घडीव दगड रचून घुमटासकट लेणेच बांधून काढले. काम ७५१ मध्ये सुरू झाले. आत पूर्वेकडे तोंड करून भूमिस्पर्श मुद्रेतील बुद्ध बसलेला आहे. आता त्याचे दर्शन काचेआडूनच घ्यावे लागते.

हेइन्साला जायला आधी तेगू शहर गाठावे लागते आणि तिथून दीडेक तास बसने डोंगर चढावा लागतो. मंगोल आक्रमणाच्या काळात, तेराव्या शतकात, राज्याचे रक्षण व्हावे या भावनेने ८१ हजारांहून अधिक पाट्यांवर त्रिपिटक छपाईसाठी उलट्या अक्षरांत कोरले गेले. त्या पाट्या सातशेहून अधिक वर्षे न कुजता टिकल्या आहेत, आणि त्याचे बरेचसे श्रेय पंधराव्या शतकातील कोठारांकडे जाते. समोरच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, मागच्या भिंतीत नेमके उलट. त्यामुळे वारा आत येऊन सगळीकडे फिरतो आणि मगच बाहेर पडतो. जमिनीत कोळसा, चुना आणि मीठ मिसळलेले आहे, ते दमटपणा शोषून घेते. १९५१ मध्ये कोरियन युद्धाच्या धामधुमीत या मठावर बॉम्ब टाकण्याचा हुकूम वैमानिक किम यंग-ह्वान यांनी मानला नाही, म्हणून हे सारे आज जागेवर आहे.

शाकाहारी असल्यामुळे जेवणाची काळजी होती, कारण बाहेरच्या किमचीत, म्हणजे आंबवलेल्या भाज्यांच्या लोणच्यातही, बहुधा मासळीचा अर्क असतो. मठात मात्र कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या भाज्यासुद्धा वर्ज्य, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या आईला ते जेवण घरचेच वाटले. चार वाडग्यांत भात, सूप, भाज्या आणि पाणी घ्यायचे, एक शितही टाकायचे नाही, आणि शेवटी मुळ्याच्या लोणच्याच्या एका फोडीने वाडगे पुसून ती फोड खायची व ते पाणी पिऊन टाकायचे. आईने ती फोड वाडग्याच्या कडेकडेने इतकी जपून फिरवली की शेजारच्या भिक्षुणीने हसून मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या प्रार्थनेनंतर, उजाडता उजाडता, आम्ही पुन्हा कोठारांपाशी गेलो. लाकडी गजांतून आत डोकावले की जुन्या लाकडाचा वास येतो आणि काळ्या पाट्यांच्या रांगा अंधारात लांबवर जाताना दिसतात. आई कितीतरी वेळ गजांना धरून उभी होती. मग मागे वळून दगडी पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "ये, बस."