एका खोक्यातली यिडिश नाट्यगीतं वाचवताना

न्यू जर्सीत आमच्या बिल्डिंगमधे एक नव्वदीच्या ज्यू आजी आहेत. मला नाट्यसंगीताचं वेड आहे हे त्यांना माहीत, म्हणून घर आवरताना त्यांनी एक खोका माझ्याकडे दिला, आत ७८ आरपीएमच्या (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) २३ रेकॉर्ड, सगळ्या यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, नाटकांच्या गाण्यांच्या. लहानपणी त्यांचे वडील त्यांना मॅनहॅटनच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर नाटकाला न्यायचे. रुमशिन्स्की, ओल्शानेत्स्की, सेकुंडा या संगीतकारांच्या चाली तिथे गाजल्या आणि गायकांचे ते आवाज आता उरलेत ते मुख्यतः या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांमधे.

सुरुवातीलाच माझ्या हातून चूक झाली. कुठेतरी वाचून मी एका रेकॉर्डला स्पिरिट लावलं. या रेकॉर्ड लाखेच्या असतात, (ती लाख त्या काळी बहुतेक आपल्या देशातूनच जायची) आणि लाख स्पिरिटमधे विरघळते. कडेला बोटभर पट्टा पांढुरका पडला तो पडलाच, अजून बघवत नाही. मग डिस्टिल्ड वॉटर, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही. सुईही वेगळी लागते, एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले रेकॉर्डची, बारीक सुई या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते, ७८ साठी ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घ्यावी लागली.

सगळ्यात जास्त दिवस गेले स्पीडमधे. ७८ म्हटलं तरी त्या काळी कुणी ७६ वर रेकॉर्ड करायचं, कुणी ८० वर. यिडिश रंगभूमीवरचा गायक आरॉन लेबेडेफ याची, व्होकॅलियन कंपनीची एक लालसर तपकिरी रेकॉर्ड लावली तर आजी लगेच म्हणाल्या, हा आवाज एवढा पातळ नव्हता. हार्मोनियम घेऊन बसले, सूर पांढरी पाचमधेही बसेना आणि काळी चारमधेही, मधेच कुठेतरी लटकत होता, मग स्पीड कमी करत करत ७६ वर आणला तेव्हा पांढरी पाच पक्की लागली आणि आवाजाला एकदम छाती आली. आजींनी मान डोलावली.

प्रत्येक रेकॉर्डची कॉम्प्युटरवरची फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमधे, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपला जाईल अशी केली, आणि खरखरीसकट जशीच्या तशी ठेवली. साफ केलेली कॉपी वेगळी. हे मी आग्रहाने सांगेन, खरखर काढणारं सॉफ्टवेअर व्हायोलिनचे वरचे सूरही खाऊन टाकतं आणि ते परत मिळत नाहीत.

मग नोंदी. एकाच गायकाचं नाव तीन लेबलांवर तीन स्पेलिंगांत, त्यामुळे खरा आधार म्हणजे लेबलजवळ कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे कंपनीने त्या रेकॉर्डिंगला दिलेला क्रमांक, तो सँटा बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ऑनलाइन डिस्कोग्राफीत (रेकॉर्डिंगच्या सूचीत) शोधायचा. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मेरंट संग्रहातही यिडिश ७८ भरपूर आहेत, तिथेही ताडून बघितलं. वर्ष कळणं कायद्यासाठीही गरजेचं, कारण अमेरिकेत १९२३ च्या आधी निघालेल्या रेकॉर्डिंगचे हक्क १ जानेवारी २०२२ ला सुटले आणि पुढच्यांचे टप्प्याटप्प्याने सुटतायत, म्हणून चाळीसच्या दशकातल्या फाइल मी कुठेही टाकलेल्या नाहीत.

दोन रेकॉर्डना आरपार तडा गेलाय. त्या वाजवल्याच नाहीत, सुई तड्यावर आपटली की कपचा उडतो. त्यांचे फोटो आणि नंबर नीट लिहून ठेवलेत, दुसरी धड प्रत कुठे आहे का ते शोधतेय.