जाड, राठ, अर्धवट कुरळे केस आणि स्ट्रेटनर

ज्यांचे केस धुतले की आपोआप सरळ वाळतात त्यांनी इथूनच परत फिरलं तरी चालेल, राग नाही. हे आमच्यासारख्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांच्या केसांना रबर तिसऱ्यांदा फिरवलं की तुटतं, आणि ज्यांच्या केसात हात घालून पार्लरवाली ताई आधी "बापरे" म्हणते आणि मग रेट वाढवून सांगते. माझे केस आईकडून आलेत, जाड, राठ, धड कुरळे नाहीत धड सरळ नाहीत, त्यात राहते ठाण्यात म्हणजे हवा दमट, आणि उन्हाळ्यात सोसायटीला टँकरचं पाणी. एवढं सगळं एकाच डोक्यावर आल्यावर "कुठलाही स्ट्रेटनर घे गं, सगळे सारखेच असतात" हा सल्ला ऐकून नुसतं हसू येतं.

मला सारखं विचारतात की कुठल्या कंपनीचा घेऊ. अगं पण आधी केस कसे आहेत ते तर बघ. दाट आणि जाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानातले लोक यात सर्रास घोळ घालतात. दाट म्हणजे संख्येने भरपूर, जाड म्हणजे एकेक केस जाड. गळलेला एक केस घ्यायचा, अंगठा आणि पहिल्या बोटात धरून फिरवायचा, दोऱ्यासारखा जाणवला तर जाड, आणि बोटात काही आहे की नाही हेच कळेना तर बारीक. माझ्या वहिनीचे केस एवढे दाट आहेत की क्लचर बसत नाही पण एकेक केस रेशमासारखा बारीक, तिला जास्त ताप नकोच आहे, तिला फक्त वेळ जास्त लागतो. आणि माझं म्हणाल तर मागचे, मानेवरचे केस तारेसारखे आणि कानशिलाजवळचे एकदम बारीक, म्हणजे एकाच डोक्यावर दोन प्रकार. बऱ्याच जणींचं असंच असतं, फक्त कोणी नीट बघत नाही.

म्हणून माझा पहिला आणि जवळजवळ एकमेव हट्ट, तापमान बदलता आलं पाहिजे. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनवर फक्त ऑन-ऑफ असतं, आत तापमान एकच आणि तेही बहुतेक वेळा २०० अंश सेल्सियसच्या वरचं, म्हणजे मागच्या केसांना ठीक आणि पुढच्यांची वाट. स्क्रीनवर आकडा दिसणारं किंवा निदान तीन-चार पायऱ्या असलेलं घ्या, दोन-तीन हजारात चांगलं मिळतं. मी पुढच्या बटांना १५०-१६०, बाकी डोक्याला १८०, आणि अगदी मागच्या हट्टी थराला १९०-२००, त्याच्या वर जात नाही. मशीनवर २३० लिहिलेलं असतं आणि लोक ते गाडीच्या टॉप स्पीडसारखं कौतुकाने सांगतात, पण कोरड्या केसातलं केराटिनच, म्हणजे केस ज्याचा बनलेला असतो ते प्रथिनच, मुळी साधारण २३० च्या आसपास मोडायला लागतं, आणि नुकसान त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. कलर केलेले किंवा मेंदी-कलर-मेंदी असं सगळं करून झालेले केस असतील तर १५० च्या खालून सुरुवात करा, गरज पडली तर वाढवता येतं, जळलेलं मात्र परत येत नाही.

आता प्लेट, म्हणजे केस मध्ये धरणाऱ्या दोन तापणाऱ्या पट्ट्या. सिरॅमिक, टायटॅनियम, टूर्मलिन, आयन, आर्गन ऑइल, केराटिन, बॉक्सवर काय वाट्टेल ते लिहिलेलं असतं. माझ्या लेखी यातला कामाचा फरक एवढाच की टायटॅनियम पटकन तापतं आणि केसाला ताप झटकन देतं, त्यामुळे हात बसलेला असेल आणि केस खरंच जाड असतील तर मस्त, नवशिकीने सिरॅमिकच घ्यावं, ते जरा समजुतीने काम करतं. त्यातही स्वस्त मशीनमध्ये सिरॅमिक म्हणजे नुसता वरचा थर असतो, आत ॲल्युमिनियम. तो थर वापरून वापरून उडतो आणि उडालेल्या जागी केस अडकायला लागतो, मशीन थंड असताना प्लेटवरून नख फिरवून बघा, खरखर लागली तर मशीनचं आयुष्य संपलं असं समजायचं. आर्गन ऑइलवाल्या प्लेटचे जास्तीचे पैसे मी तरी देणार नाही.

दुकानात एक गोष्ट नक्की करा, हे मला आमच्या पार्लरवाल्या ताईंनी शिकवलं. मशीन मिटवून उजेडासमोर धरायचं आणि दोन प्लेटच्या मधून बघायचं. फटीतून उजेड दिसतोय का? टोकाला चिकटलेलं आणि मध्ये फट, किंवा उलटं, असं निघालं तर ते ठेवून द्या, कारण मग केस अर्धाच पकडला जातो आणि आपण त्याच बटेवरून चार-चारदा फिरवत बसतो, आणि केस खराब होतात ते या चार-चारदामुळे. प्लेट बोटाने दाबली की किंचित आत जाऊन परत वर यायला हवी, स्प्रिंगवर बसवलेली असते, त्याला फ्लोटिंग प्लेट म्हणतात, जाड केसांना ती पाहिजेच. रुंदीचं म्हणाल तर एक इंच बहुतेकींना पुरते, कंबरेपर्यंत दाट केस असतील तर दीड इंच घ्या म्हणजे हात दुखणार नाहीत, पण मग पुढच्या बारीक केसांच्या मुळाशी ते रुंद धूड पोचत नाही हेही आलंच.

अमेरिकेतून कोणी आणून देत असेल तर हँडलवर किंवा प्लगजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं वाचल्याशिवाय हो म्हणू नका. तिकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. १००-२४० लिहिलेलं असेल तर नुसता पिन बदलणारा ॲडॉप्टर बास, फक्त १२० लिहिलेलं असेल तर इथल्या सॉकेटमध्ये घातल्यावर ठप्प आणि वर जळका वास. डायसन कंपनीबद्दलही विचारणा होते. त्यांचं एअरस्ट्रेट ओल्या केसांवरच हवेने वाळवत सरळ करतं, त्यात तापलेल्या प्लेटच नाहीत, कल्पना सुंदर आहे, किंमत मात्र भलतीच जास्त. मी नाही घेणार, तुमची मर्जी.

घेण्याचं झालं. वापरताना निम्मं काम मशीन लावायच्या आधीच होतं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते केसावर बसतात, केस काथ्यासारखा लागतो आणि मग आपण म्हणतो स्ट्रेटनर चालत नाही. महिन्यातून एक-दोनदा क्लॅरिफाइंग, म्हणजे साचलेला थर काढणारा शाम्पू लावला की फरक हाताला कळतो, त्यानंतर कंडिशनर मात्र भरपूर. तेल धुवायच्या आधी, प्रेस करायच्या म्हणजे स्ट्रेटनर फिरवायच्या आधी नाही. खोबरेल तेल केसात आत मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची गळती कमी करतं असं मॅरिकोच्याच मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलंय, आता मॅरिको म्हणजे पॅराशूटवाले, त्यांना त्यात रस असणारच, पण आज्जीही तेच सांगायची तेव्हा चालू द्या. तेच तेल केसावर ठेवून वरून १९० चं मशीन फिरवलं तर मात्र धूर निघतो. प्रेसच्या आधी हीट प्रोटेक्टंट, म्हणजे तापापासून जपणारा स्प्रे लावायचा, त्यात सिलिकॉन असतं, ते ताप अडवत नाही, फक्त आत जरा सावकाश पोचू देतं, तेव्हा स्प्रे मारलाय म्हणून २३० करू नका. आणि स्प्रे मारल्यावर तो वाळू द्या की, लगेच काय मशीन लावता.

वाळणं म्हणजे पूर्ण वाळणं. आमच्या केसांची गंमत अशी की वरून कोरडे वाटतात आणि मानेवर, आतल्या थरात ओल तशीच राहते. हाताच्या बोटांना ती ओल कळत नाही, तिथली बट उचलून गालाला लावायची, गार लागली की अजून ओली आहे. ओल्या केसावर मशीन ठेवलं की चर्र आवाज येतो, तो आवाज म्हणजे आतल्या पाण्याची वाफ होतेय आणि ती केस आतून फुगवून बाहेर पडतेय, डॉक्टरी भाषेत याला बबल हेअर असं नावच आहे, मायक्रोस्कोपखाली केसात खरोखरचे बुडबुडे दिसतात आणि केस तिथून तुटतो. शिवाय ओल्या केसातलं केराटिन १५० च्या अलीकडे-पलीकडेच मोडायला लागतं, म्हणजे जे तापमान कोरड्या केसाला फारसं काही करत नाही तेच ओल्याला भारी पडतं. त्यामुळे सकाळी आठ बाराची लोकल पकडायची आहे आणि साडेसातला केस धुतलेत अशा दिवशी स्ट्रेटनर कपाटातच बरा.

मग चार भाग करायचे, वरचे क्लचरने बांधून टाकायचे आणि मानेपासून सुरुवात. बट किती जाड घ्यायची तर तिच्या मागे फणी धरल्यावर फणीचे दात दिसले पाहिजेत, नाही दिसले तर बट अर्धी करा. आळस इथेच नडतो, मोठा पुंजका घेतला की बाहेरचे केस भाजतात आणि आतले तसेच वाकडे. शेपटीवाली फणी डाव्या हातात, ती मुळाशी घालायची आणि तिच्या मागोमाग लगेच मशीन, फणी पुढे मशीन मागे, अशी जोडी टोकापर्यंत न थांबता न्यायची. फणीने केस ताणलेला आणि एका रांगेत राहतो म्हणून एका फेरीत काम होतं. खांद्यापर्यंतच्या बटेला मला पाच-सहा सेकंद लागतात. मध्येच थांबलं की तिथे घडी पडते, आणि घाबरून भरभर ओढलं की काहीच होत नाही आणि परत फिरवावं लागतं. एका फेरीत सरळ होत नसेल तर बट बारीक करा, मग वेग कमी करा, आणि ते दोन्ही करून झाल्यावरच तापमान दहाने वाढवा, या क्रमाने. टोकांना जरा दया दाखवा, ती केसाची सगळ्यात जुनी बाजू, तिथे मी पकड सैल करते.

झाल्यावर लगेच बांधायचं नाही, हात फिरवायचा नाही, आरशात बघून मान उडवायची नाही. गरम असताना जो आकार मिळेल तोच थंड होताना पक्का होतो. कारण सांगते, केसात मुख्यतः दोन तऱ्हेचे बंध असतात, एक पक्के, गंधकाचे, ज्यांना स्ट्रेटनर हात लावत नाही, आणि दुसरे कच्चे, हायड्रोजनचे, जे तापाने सुटतात आणि पाण्यानेही सुटतात. आपण फक्त हे दुसरे सोडवून सरळ रांगेत परत बांधतो. म्हणून जुलैमध्ये घरातून निघताना सिनेमाच्या हिरॉइनसारखे असलेले केस स्टेशनच्या पुलावर पोचेपर्यंत फुलतात, हवेतलं पाणी आत शिरतं आणि बंध सुटून आपल्या जुन्या जागी जातात. यात मशीनचा दोष शून्य. कोल्हापूरला मावशीकडे हिवाळ्यात तेच मशीन, तेच हात, आणि केस दुसऱ्या दिवशीही सरळ. थोडं सिलिकॉनवालं सीरम वरून लावलं की ओल आत जायला जरा वेळ लागतो, पण "पावसाळ्यातही दिवसभर" असं कोणी म्हणालं तर मी ऐकून सोडून देते.

आणि मग सगळे म्हणतात एवढं करण्यापेक्षा स्मूदनिंग करून टाक ना एकदाचं. तिथे ते पक्के बंधच केमिकलने तोडतात, पुढे मुळाशी नवीन केस कुरळे येतात आणि खाली काडीसारखे, ते मला बघवत नाही. केराटिन ट्रीटमेंटचं तर आणखी वेगळं, काहींमध्ये तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड या विषारी वायूचा धूर निघतो, डोळ्यातून पाणी येतं ते त्यानेच. फॉर्मल्डिहाइड फ्री म्हणून विकतात त्यातल्या काहींमध्ये ग्लायॉक्सिलिक ॲसिड असतं, आणि २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुणीबद्दल छापून आलं होतं, तिने तीनदा सलूनमध्ये केस सरळ करून घेतले आणि तीनही वेळा तिला मूत्रपिंडाचा त्रास झाला होता, त्या क्रीममध्ये हेच ॲसिड होतं. करायचंच असेल तर निदान डबा मागून मागची बाजू वाचा, ताईंना राग आला तर येऊ दे.

रोज करायचं का, तर नाही. मी आठवड्यातून दोनदा, धुतल्यावर एकदा आणि मध्ये एकदा फक्त वरचा थर आणि पुढच्या बटा. रात्री सैल वेणी किंवा सॅटिनची उशी, सुती अभ्रा केस ओढतो. प्लेटवर सीरमचा तपकिरी थर साचतो, तो मशीन बंद आणि पूर्ण थंड असताना ओल्या मऊ फडक्याने पुसायचा, घासणी अजिबात नाही. वायर मशीनभोवती गच्च गुंडाळू नका, ती हँडलपाशीच आतून तुटते आणि मग एका कोनात धरलं तरच चालू राहतं असली सर्कस सुरू होते. तापलेलं मशीन गादीवर ठेवायचं नाही हे सांगायला नको पण सांगते, आमच्याकडे मी बाथरूमबाहेरच्या कडाप्प्यावर ठेवते, तिथे सॉकेट आहे, आरसा नाही, त्यामुळे मोबाईलचा कॅमेरा चालू करून मागचे केस बघावे लागतात. आरसा लावून दे म्हणून नवऱ्याला सांगितलंय, ड्रिल मशीन शेजारच्या काकांकडे आहे म्हणे.