अर्धं वाळलेलं झाड

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात कॅलेंडरसाठी फोटो काढायचे होते. मागणी साधी होती: लाल कातळ आणि एकटं झाड. मी निवडलं ते झाड युटा ज्युनिपरचं, म्हणजे तिथल्या कोरड्या भागात वाढणाऱ्या एका सूचिपर्णी झाडाचं. एका अरुंद घळीत, वालुकाश्माच्या भेगेत उभं. उजवीकडची जाड फांदी पूर्ण वाळलेली, चांदीसारखी करडी. डावीकडे मात्र हिरवा, भरगच्च पाला.

असं झाड पाहून ते मरायला टेकलंय असं वाटतं. तसं नसतं. फार कोरड पडली की ज्युनिपर एखाद्या फांदीचं पाणी तोडतो आणि उरलेलं झाड जगवतो. त्याचं मुख्य मूळ 25 फुटांपर्यंत खाली जाऊ शकतं, तरी पाणी पुरेलच असं नाही. त्यामुळे मला ती वाळकी फांदी आणि हिरवा पाला एकाच चौकटीत, सारख्याच मानाने हवे होते.

सरळ उन्हात ते जमत नाही. आदल्या दुपारी पाहिलं होतं: करडं लाकूड पांढरंफटक पडतं आणि पाल्याखालची सावली काळीकुट्ट. म्हणून पहाटेच पोचलो.

उभं कुठे राहायचं हेही मनासारखं ठरवता येत नव्हतं. झाडासमोरच्या मातीवर काळपट, खडबडीत जिवंत पापुद्रा होता. सायनोबॅक्टेरिया (उन्हावर स्वतःचं अन्न बनवणारे जिवाणू), दगडफूल आणि शेवाळ यांनी विणलेला. तोच तिथली माती धरून ठेवतो. एक पाऊल पडलं तरी तो चुरतो आणि पुन्हा तयार व्हायला कित्येक वर्षं, कधी दशकं लागतात. मग उघड्या कातळावरूनच वळसा घेतला आणि ट्रायपॉड उत्तरेकडे तोंड करून लावला. या जागेवरून झाडामागे घळीचं सावलीतलं वळण येत होतं. कॅमेरा गुडघ्याएवढा खाली आणल्यावर वाळक्या फांदीचं टोक मागच्या कड्याच्या रेषेपासून सुटं झालं. एकट्या झाडाच्या फोटोत मी सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवतो. बाह्यरेखा मागच्या कशात मिसळली की झाडाचा एकटेपणा संपतो.

सूर्य वर आला आणि पहिलं ऊन पडलं ते पश्चिमेच्या कड्यावर. झाड अजून सावलीतच होतं. लोहाच्या ऑक्साइडने लाल झालेली ती उंच भिंत पेटल्यासारखी दिसायला लागली आणि तिच्यावरून परतलेला नारिंगी उजेड झाडावर आला. मऊ, आडवा. सालीचा प्रत्येक पीळ दिसू लागला. मागच्या वळणावर मात्र फक्त आकाशाचा उजेड, त्यामुळे ते निळसर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची रंगछटा सावरणारं कॅमेऱ्याचं सेटिंग, मी डेलाइटवर बांधून ठेवला होता; ऑटोने झाडावरची नारिंगी झाक फिकी केली असती.

एफ 11 म्हणजे भिंगाचं छिद्र लहान, आयएसओ 100 म्हणजे संवेदनशीलता कमी. त्यामुळे शटर संथ होतं, पाला हलत होता, म्हणून दोन झुळकांच्या मधल्या थांब्यात बटण दाबत राहिलो. पूर्वेच्या कड्यावरून ऊन झाडावर उतरेपर्यंतच हा उजेड होता. तेवढा पुरला.

फोटो पाठवल्यावर विचारणा आली: उजवीकडची वाळकी फांदी कापून चौकट उभी करता येईल का? मी नाही म्हटलं आणि ज्युनिपर पाणी कसं तोडतो ते सविस्तर लिहून कळवलं. फोटो आडवाच छापला गेला, फांदीसकट.